ससा, चेंडू, सफरचंद

आत्या निवृत्त झाली, तरी तिचा पाय शाळेतून निघत नव्हता. भाचीच्या इंग्रजीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ती कच्च्या मुलांकडून वाचून घेई.

त्या वर्गात दुसऱ्या मुलखातून आलेली बारा वर्षांची एक मुलगी होती. तिची भाषा इथे कोणालाच येत नव्हती, आणि आल्यापासून तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. पोरं तिला 'मुकी' म्हणत. उद्या मुख्याध्यापिका तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणार होत्या. एकही वाक्य आलं नाही, तर तिची रवानगी थेट पहिलीत.

"त्या बाकांत तिचे गुडघे तरी मावतील का गं?" आत्या म्हणाली.

"मग मी काय कमी डोकेफोड केली, आत्या?" भाचीने संगणकाकडे बोट दाखवलं.

ठिकठिकाणचे इंग्रजीचे शिक्षक मिळून एक सामाईक पान चालवत. कोणाला चांगला धडा, गाणं, ध्वनिमुद्रण सापडलं की त्याची लिंक तिथे टाकायची आणि टॅग लावायचा, म्हणजे दुसऱ्याला शोधत बसावं लागत नाही. पानाची देखभाल भाचीकडे होती.

"'सोपं' या टॅगखाली जे जे येतं, ते दिलं तिला. ससा, चेंडू, सफरचंद. बघतसुद्धा नाही."

"मीही बघितलं नसतं. नवख्या मोठ्या माणसांसाठी कोणीच काही टाकलं नाही?"

"टाकलंय ना..." म्हणता म्हणता भाची थांबली. सुटीत तिने पानाची साफसफाई केली होती. 'लहान मुलं', 'प्राथमिक', 'मोठे नवखे' असे नाना टॅग पाहून वैतागली आणि सगळे एका 'सोपं'मध्ये ओतून मोकळी झाली. लहानांचे धडे ढीगभर, ते वर आले. मोठ्यांचे तळाला गेले.

"मला वाटलं, सोपं ते लहानांचंच."

"वाटायचंच. जन्मभर आपल्यासमोर लहानच बसले." आत्याने खुर्ची पुढे ओढली. "खाली जा. अजून खाली."

घर भाड्याने घेणे, बँकेत खाते उघडणे... मग एक ध्वनिमुद्रण आलं. कामावर निघालेली आई शेजारणीला बाळाला कसं सांभाळायचं ते सांगते. छोटी छोटी वाक्यं.

"थांब. हेच," आत्या म्हणाली. "शाळा सुटली की धाकटा भाऊ हिच्याच कडेवर असतो. पाहिलायस ना?"

दुपारी ते लावलं, तेव्हा मुलीने मान वर केली. संपल्यावर एक बोट उचललं: पुन्हा. घंटा होईपर्यंत ती ऐकत होती. बोलली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सशाचं चित्र तिच्यापुढे धरलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय? मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मुख्याध्यापिकांनी पेनाचं टोपण काढलं.

"बाई, मी एक विचारू?" भाची म्हणाली.

"विचारा. तुमच्या आत्याबाई डोळे वटारून बसल्यात, नाही म्हणायची माझी काय टाप!"

भाचीने इंग्रजीत विचारलं, "बाळ रडतंय. तू काय करतेस?"

मुलगी दाराकडे बघू लागली. वेळ चालला होता. भाची पुन्हा विचारणार, तोच आत्याने तिचा हात घट्ट धरला. शांततेला मध्येच तोडलं की मूल परत आत शिरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आय कॅरी हिम," मुलगी म्हणाली. आवाज घोगरा होता. "आय वॉक. ही स्लीप."

"वाक्य चुकलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"चुकलं. पण वाक्य आहे," आत्या म्हणाली.

पेनाला टोपण बसलं. "राहू दे इथेच. सहामाहीला मी पुन्हा ऐकेन हं."

मुलगी बाकावर गेली. भाचीला हसू मात्र फुटेना. पानावर रोज कितीतरी शिक्षक येत. सुटीपासून त्यांनीही 'सोपं' शोधून कोणाकोणापुढे ससे ठेवले असतील! वर्ग सुटल्यावर तिने पानावर सगळ्यांसाठी लिहिलं: "मी टॅग एकत्र केले ते चुकलं. मोठ्या नवख्यांचे धडे आजपासून वेगळे काढते आहे. तोवर तळापर्यंत शोधा."

थोड्याच वेळात एका अनोळखी मास्तरांचं उत्तर आलं: "माझ्याकडे चौदा वर्षांचा मुलगा होता. मागच्या आठवड्यात शाळा सोडून गेला."

भाचीने ते दोनदा वाचलं आणि पडदा आत्याकडे वळवला.

"विचार त्यांना, त्याचं घर माहीत आहे का," आत्या म्हणाली. "आणि ते ध्वनिमुद्रण आधी त्यांना पाठव."