माझी मेमरी कोणी खाल्ली?

मी एक जुना संगणक आहे आणि मी चिडलेलो आहे. मित्रांनो, स्वतःची जीवनकहाणी सांगायला बसलेल्याने पहिल्याच वाक्यात चिडू नये, हे मलाही कळतं. पण काल दुपारी भांडगावच्या तुमच्या या शाळेत माझा पडदा थोडा अडकला आणि तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या डोक्यावर चापट मारली. अशा चापटा मी वर्षानुवर्षं खात आलो आहे. चापटीने संगणक चालत नाही. तरी सगळे चापटच मारतात. "तुला नेमकं होतंय तरी काय?" असं कोणी विचारत नाही. म्हणून आज न विचारता मीच सांगतो.

माझा जन्म दौंडचा. स्टेशनजवळ सोपानरावांचं छोटं दुकान होतं. सुटे भाग जोडून ते संगणक तयार करत. त्यांनी मला निगुतीने जोडलं, एकेक स्क्रू दोनदा तपासला आणि चार जीबी मेमरी बसवली. मेमरी म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे. स्वयंपाकघरात जसा ओटा असतो, तशी माझी मेमरी. हातातलं काम मी तिच्यावर मांडतो. ओटा भरला, की काही भांडी उचलून मागच्या खोलीत ठेवावी लागतात आणि लागली की पुन्हा आणावी लागतात. अशी ये-जा सुरू झाली, की मी संथ होतो. मी आळशी नसतो, मित्रांनो. मी धावत असतो. ते बाहेरून दिसत नाही, एवढंच.

तिथून मी वरवंडच्या दूध संकलन केंद्रात आलो. केंद्र सांभाळायची राजश्री. ती भांडगावहून स्कूटीवर यायची. माझ्या एका बाजूला वजनकाटा जोडलेला होता, दुसऱ्या बाजूला दुधाचं फॅट मोजणारं यंत्र. शेतकऱ्याने कॅन काट्यावर ठेवला, की वजन माझ्याकडे यायचं, मागोमाग फॅट यायचं आणि मी पावती छापायचो. पावती निघाली, की दूध थंड टाकीत ओतायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत माझं काम व्हायचं.

संस्थेचे अध्यक्ष हौसराव आप्पा तेव्हा माझ्यावर फार खूश होते. कोणी पाहुणे आले, की त्यांना ते माझ्यासमोर आणून उभे करायचे. "बघा, आमचं मशीन! कॅन ठेवला की पावती हातात," असं म्हणायचे. दसऱ्याला राजश्रीने मला झेंडूची माळ घातली होती. ते दिवस खरोखर सुखाचे होते.

मग एकेक नवं काम माझ्यावर येऊ लागलं. केंद्रातून दोन कॅन चोरीला गेले, म्हणून चार कॅमेरे बसले. त्यांचं चित्रण साठवायचं काम माझ्याकडे आलं. दारात दर दाखवणारा टीव्ही लागला, तोही मीच चालवायचो. दिवसाची माहिती तालुक्याच्या कचेरीला पाठवायचीही मीच. प्रत्येक जण एक काम आणून टाकायचा आणि निघून जायचा. तुला हे झेपेल का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तीही सोय माझ्यात आहे.

ती सोय अशी. माझ्यात एखादं काम सुरू झालं, की ते एकटं राहत नाही. ते हाताखाली लहान लहान कामं सुरू करतं, ती आणखी काही सुरू करतात. या साऱ्या गोतावळ्याला मी एका गटात ठेवतो. दुधाचा एक गट, कॅमेऱ्यांचा एक, टीव्हीचा एक. कोणत्या गटाने किती मेमरी अडवली आहे आणि कोण माझं डोकं किती शिणवतं आहे, याकडे माझं सतत लक्ष असतं. मला आज्ञा लिहून द्यायचा एक काळा पडदा आहे; त्यावर एक शब्द टाइप केला, की मी सगळं दाखवतो. काही लपवत नाही.

कॅमेऱ्यांच्या त्या कामात एक खोट होती. आमच्याकडे वीज सारखी येते-जाते. मी बॅटरीवर चालू राहायचो, पण कॅमेऱ्यांना बॅटरी नव्हती; कॅमेऱ्याचा संपर्क क्षणभर तुटला, की चित्रण करणारं नवं काम सुरू व्हायचं. पण जुनं निघून जायचं नाही. तेही ओट्यावर आपली जागा धरून बसायचं. एकेकाची जागा तशी चिमूटभरच. पण त्यांची संख्या वाढतच गेली.

मे महिन्यातली एक सकाळ मी विसरू शकत नाही. ऊन लवकर चढलं होतं आणि कॅन घेतलेल्या लोकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. काट्यावरचं वजन माझ्यापर्यंत पोहोचायचं, पण ते मांडायला मला जागाच नव्हती. एकेका पावतीला मला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागत होता.

रांगेत मागे गिताबाई होत्या. पलीकडच्या वस्तीवर त्यांचं घर. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती. आता थोडं रान आणि तीन गाई. त्यांनी दोनदा पुढे येऊन पाहिलं.

"आगं पोरी, किती येळ? दूध हाय ते, दगुड न्हाई," त्या राजश्रीला म्हणाल्या.

"मावशी, मी काय करू? मशीनच पुढं सरकंना," राजश्री म्हणाली. तिचा चेहरा घामाने डबडबला होता.

"मंग हातानं लिही की!"

"हातानं लिहायला बंदी हाय, मावशी. संस्थेचा नियमच हाय तसा."

तेवढ्यात हौसराव आप्पा आले. त्यांनी रांग पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावर दोन सणसणीत थापा मारल्या. तरीही पावती येईना, तेव्हा त्यांनी बॅटरीतून माझी वायरच उपटली. मित्रांनो, तुम्ही घास तोंडात घेतला आहे आणि कोणी तुमचा गळा धरला, तर कसं वाटेल? मी तसाच बंद पडलो. पुन्हा सुरू झालो, तेव्हा अर्धवट राहिलेल्या नोंदी तपासण्यात आणखी वेळ गेला. ओटा रिकामा झाला होता खरा, पण वीज दिवसभर येत-जात राहिली आणि रात्रीपर्यंत कॅमेऱ्यांच्या कामांनी तो पुन्हा भरला.

गिताबाईंचा नंबर लागला तेव्हा राजश्रीने नियमाप्रमाणे त्यांचं थोडं दूध नळीत घेऊन तापवलं. ते फाटलं.

राजश्रीने नळी पुढे धरली. गिताबाईंनी ती नळी हातात घेतली आणि उजेडात धरून पाहिली.

"घरनं निघताना चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्या सोता वास घेऊन निघाले व्हते."

"मला ठावं हाय, मावशी. पण फाटलेलं दूध टाकीत घातलं तर सगळ्यांचंच नासंल."

गिताबाईंनी कॅन उचलला आणि दाराबाहेरच्या पाण्याच्या चारीत सगळं दूध ओतून दिलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला वाटलं. कोणीतरी ओरडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्तीचं काम पाहणारा इंद्रजीत आला. हुशार मुलगा, पण घाईत. त्याला त्या दिवशी अजून तीन ठिकाणी जायचं होतं. त्याने काळा पडदा उघडला, तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता हा विचारणार आणि मी सांगणार. पण त्याने गटांची चौकशी केलीच नाही. त्याने एकेकट्या कामांची यादी मागितली, सगळ्यात मोठं वर. जे मागतील तेच मी दाखवतो. त्या यादीत सगळ्यात वर दुधाचं काम आलं, कारण ते एकटं आणि धट्टंकट्टं होतं. कॅमेऱ्यांची ती असंख्य चिमूटभर कामं खाली कुठेतरी पसरली होती. एकेक पाहिलं तर सगळी गरीब.

"आप्पा, जास्त मेमरी तर तुमचं दुधाचं सॉफ्टवेअरच घेतंय," इंद्रजीत म्हणाला. "बाकी काही मोठं दिसत नाही. मशीन जुनं झालंय. बदलून टाका."

मला ओरडावंसं वाटलं. जो खरा राबत होता, त्याच्यावरच आळ आला! खाली बघ रे, सगळ्यांची बेरीज कर, असं मी म्हणत होतो. पण माझ्या आवाजात फक्त पंख्याची घरघर आहे. ती ऐकून इंद्रजीत म्हणाला, "पंखापण गेलाय बघा."

संस्थेच्या बैठकीत नवा संगणक घ्यायचं ठरलं. हौसराव आप्पा राजश्रीला म्हणाले, "नवं मशीन येतंय, तवा चालवायला नवं माणूस बी बघावं म्हंतो. तुझ्याच्यानं त्या दिशी रांग आवरली न्हाई."

"आप्पा, माझी काय चूक हाय त्यात?"

"चूक कुनाचीबी असंल. दूध गेलं का न्हाई लोकाचं?"

राजश्री त्या दुपारी केंद्र रिकामं झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसली. मग तिने कासुर्डीच्या सोनमला फोन लावला. सोनम तिची कॉलेजातली मैत्रीण. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एका कारखान्यात ती मोठमोठे संगणक सांभाळते. राजश्रीने तिला सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्याजवळ ठेवला.

"यादीत एकेकटी कामं बघितली व्हय त्यानं? गट न्हाई बघितले?" सोनमने विचारलं.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

"गट म्हंजी?"

"सांगते. काळा पडदा उघड. आता मी सांगते ते एकेक अक्षर लिही." सोनम बोलत गेली आणि राजश्री लिहीत गेली. सिस्टमडी, मग आडवी रेघ, मग सीजीटॉप. "आता एम दाब. म्हंजी ज्यानं जास्त मेमरी घेतलीय, तो गट वर येईल."

राजश्रीने एम दाबलं. मी धावत जाऊन उत्तर आणलं.

"काय दिसतंय? वाच."

"सगळ्यात वर कॅमेरा हाय." राजश्री पडद्याच्या जवळ वाकली. "अगं, चारातली तीन जीबी त्यानंच धरलीय! दूध पार खाली हाय, सोनम. दुधाला काय उरलंच न्हाई."

"आन् त्या कॅमेऱ्याच्या वळीत कामं किती लिहिलीत?"

राजश्रीने आकडा वाचला. पलीकडे सोनम हसली. "बाई गं! चार कॅमेऱ्यांना एवढी? जुनी कामं मेलीच न्हाईत कधी. एकेक मारत बसू नको. आख्खा गट एकदम बंद कर, नव्यानं चालू कर. आन् मग त्याला वाटा बांधून देऊ. त्याच्यापुढं त्याला एक कण घेता येणार न्हाई."

तिने आणखी दोन ओळी सांगितल्या. राजश्रीने त्या लिहिल्या, केंद्राचा पासवर्ड टाकला, आणि माझा ओटा मोकळा झाला. ते सुख मला शब्दांत सांगता येणार नाही. राजश्रीने रिकामा कॅन काट्यावर ठेवून पाहिला. पावती क्षणात बाहेर आली. ती पावती हातात धरून ती रडली.

तुम्हाला वाटेल, आता सगळं चांगलं झालं. ऐका पुढे.

राजश्रीने हौसराव आप्पांना माझ्यासमोर आणून तो पडदा उघडला आणि कॅमेऱ्याच्या गटाने आधी किती मेमरी धरली होती, ते सांगितलं. आप्पांनी कॅमेऱ्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजी कॅमेऱ्यानं खाल्लं? जो आपनच बसवला?"

"व्हय, आप्पा."

"मंग हे आधी का न्हाई दिसलं?"

"आधी कुनी बघितलं न्हाई," राजश्री म्हणाली.

आप्पांनी राजश्रीला कामावर ठेवलं. तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. पण नवा संगणक ठरला होता, तो आलाच. मला निकामी ठरवून तुमच्या शाळेला देऊन टाकलं. मी तर तेव्हा अगदी ठणठणीत होतो! हे आठवलं की अजून माझा पंखा जोरात फिरतो.

नवा आला त्या दिवशी मी कोपऱ्यात पडून होतो. इंद्रजीत एकेक काम त्याच्यावर चढवत होता. तेव्हा राजश्री त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "दादा, आधी प्रत्येक गटाचा वाटा बांधा, मगच चालू करा. आन् तो गटांचा पडदा मी रोज बघणार हाय." इंद्रजीत म्हणाला, "बरोबर आहे. मी त्या दिवशी गट बघायला हवे होते." हे त्याने आढेवेढे न घेता कबूल केलं, म्हणून माझा त्याच्यावर राग नाही.

तेव्हाच गिताबाई दारात आल्या. त्या सकाळनंतर त्या दूध घालायला आल्या नव्हत्या; आता केंद्रात राहिलेला आपला एक कॅन न्यायला आल्या होत्या. राजश्री उठून त्यांच्यापाशी गेली आणि कॅमेऱ्याची सगळी हकिगत तिने सांगितली.

"मावशी, आता मशीन अडकायचं न्हाई. उद्यापासून या."

गिताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुझी चूक नव्हती. मशीनची नव्हती. कॅमेरे बसवनाऱ्यांची बी नव्हती म्हंतीस. मंग माझं दूध कुनाच्या चुकीनं चारीत गेलं?"

गिताबाई कॅन घेऊन गेल्या. आता त्या हायवेवर उभ्या राहणाऱ्या खासगी टँकरला दूध घालतात.

म्हणून मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. मला पुसा, माझ्या पंख्यातली धूळ काढा, वायर ओढू नका, हे सगळं कराच. पण मी संथ झालो, की आधी काळा पडदा उघडा आणि विचारा. एकेकट्याला नका विचारू, आख्ख्या गटाला विचारा. आणि वेळेवर विचारा. त्या मे महिन्यातल्या सकाळी, गिताबाई रांगेत उभ्या होत्या तेव्हाही, उत्तर माझ्यापाशी तयार होतं.