दगडावरचा मेहुणा

आमचा शिंपी मेहुणा युद्धस्मारकाच्या दगडावर शहीद आहे आणि घरी शिलाई मशीनवर ठणठणीत आहे. थाप वाटत असेल तर त्याच्याकडून विजार शिवून घ्या, खात्री पटेल.

लढाईत, त्याच्या पलटणीत त्याच दिवशी आलेल्या एका पोराला कुडकुडताना पाहून त्याने आपला कोट दिला. पोरगा त्या कोटातच गेला. शिंप्याचाच कोट, अस्तरावर नाव पक्कं शिवलेलं. तेच दगडावर कोरलं गेलं.

परवा डागडुजीला आलेला पाथरवट म्हणाला, "काका, तुमचं नाव खोडू ना?"

"खोडा हो!" बहीण तणतणली. "दरवर्षी जित्या नवऱ्याला फुलं वाहतेय मी."

मेहुण्याने छिन्नीवर हात ठेवला. "त्या पोराचं नाव विचारायचं राहिलं माझं. हे खोडलंस, तर त्याला जागाच उरणार नाही. मी काय, मोकळा आहे. हवं तिथे जातो, हवं ते बोलतो, हिच्याशी भांडतो. त्याला यातलं काहीच मिळालं नाही."

पाथरवटाने छिन्नी पिशवीत टाकली. बहिणीने अक्षरांतली धूळ बोटाने काढली आणि त्या परक्या लेकासाठी फुलं ठेवली.