धुक्यातली ओ

"मावशी, अजून एकदाच," युनत्से म्हणाला, तेव्हाच सिऊखिमनं नाही म्हणायला हवं होतं.

पण सकाळपासून हे 'अजून एकदाच' सातआठ वेळा होऊन गेलं होतं, आणि नाही म्हणायची सवय मोडली होती. तैपेईच्या कॉलेजातली ही तीन पोरं माहितीपट काढायला फांगयुआन गावच्या किनाऱ्यावरच्या चिखलात उतरली होती. युनत्से दिग्दर्शक, बोहान कॅमेरा धरणारा आणि झियिन आवाज टिपणारी. विषय काय, तर ओहोटीला बैलगाडी घेऊन समुद्रात कालवं काढायला जाणारी माणसं. तशा गाड्या आता गावात चारच उरल्या होत्या, आणि त्यांतली एक हाकणारी बाई सिऊखिम. अडुसष्ट वर्षांच्या या बाईला पोरांनी चार वेळा गाडी वळवायला लावली, टोपलीत पडलेली कालवं बाहेर काढून पुन्हा टाकायला लावली. "समुद्र काय तुझ्या मामाचा आहे रे, थांबायला?" असं ती म्हणाली खरी, पण कालवं टाकलीच. आपल्याकडे कुणी इतकं टक लावून बघितलं होतं त्याला जमाना झाला होता.

माया मात्र तिला लागली ती झियिनची. काटकुळी पोर, कानांवर हेडफोन, हातात केसाळ टोपडं घातलेला लांबडा माईक. चिखलात उतरण्याआधी, किनाऱ्याच्या बांधावरच तिनं सिऊखिमच्या गळपट्टीला वाटाण्याएवढा दुसरा माईक लावला होता.

"आता तुम्ही नुसतं पुटपुटलात ना मावशी, तरी माझ्या कानात येतं."

"म्हणजे शिव्या मनातच द्यायच्या म्हण की."

पोरगी खळखळून हसली आणि तिनं हेडफोन सिऊखिमच्याच कानांवर चढवले. लांबडा माईक तांबड्या बैलाकडे धरला, तर त्याचं रवंथ अगदी कानाला लागून ऐकू आलं. माईक वीतभर बाजूला केला आणि रवंथ गायब. "जिकडे याचं तोंड, तिकडचंच हा ऐकतो," झियिननं सांगितलं. सिऊखिमनं डोळे मिटून माईक स्वतः फिरवला आणि आधी बैल शोधला, मग बोहानचा खोकला. तिला भलतीच मौज वाटली.

एकाच गोष्टीला तिनं साफ नकार दिला. कॅमेरा चालू असताना युनत्सेनं तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं, "काका कसे गेले?" "समुद्रानं नेलं," एवढं बोलून ती जोखडाची दोरी आवळत बसली, दोरी आधीच पुरती आवळलेली असताना.

चिखलावरचे नियम तिनं बांधावरच सांगून टाकले होते. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याला लागलं की काम टाकून निघायचं. आणि आत कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही, कुणी मारलीच तर ओ द्यायची नाही. समुद्रात गेलेली माणसं सोबत शोधत असतात. हे वाक्य युनत्सेला इतकं आवडलं की त्यानं ते तीनदा म्हणवून घेतलं.

आता बाकीच्या तीन गाड्या परत निघाल्या होत्या. भरती वळली होती, आणि युनत्सेला कालवं धरायला रोवलेल्या मेढींमधून येणारी गाडी अजून एकदाच हवी होती.

"तेवढ्यात मी खेकड्यांचा आवाज घेऊन येते," झियिन म्हणाली. "तुमच्या बुटांच्या पचपचीत काही मिळत नाही."

"दोनशे पावलं," सिऊखिम म्हणाली. "त्या शेवटच्या मेढीच्या पुढे नाही."

पोरगी गेली. गाडी वळली, थांबली, पुन्हा वळली. बोहाननं कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि भिंग पुसलं. मग पुन्हा पुसलं. भिंग स्वच्छच होतं. बांधावरच्या पवनचक्क्या दिसेनाशा झाल्या होत्या. मग मेढी गेल्या, आणि बघता बघता गाडीपासून दहा हातांवरचंही काही दिसेना. एप्रिलात समुद्र असं धुकं टाकतो, आणि ते अर्धा दिवसही हटत नाही.

"झियि..." युनत्से ओरडायला लागला.

"नाव घेऊ नकोस!" सिऊखिम खेकसली. "फोन कर तिला."

युनत्सेचा चेहरा उतरला. मोबाईलमुळे माईकमध्ये खरखर येते म्हणून झियिननंच सकाळी सगळे फोन गोळा करून गाडीच्या पेटीत ठेवले होते. तिचाही त्यातच होता.

सिऊखिमनं वाकून चाकाकडे बघितलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, आणि येत होतं बांधाच्या बाजूनं. नवख्या माणसाला हेच ठाऊक नसतं. भरती आधी मागचे ओहोळ भरते आणि परतीची वाट तोडते, मग समोरून येते. पोरीला वाटत असेल, पाण्याकडे पाठ केली की झालं. तसं केलं तर ती चालत चालत थेट समुद्रात जाणार होती.

आणि तेवढ्यात धुक्यातून बारीक आवाज आला, "सिऊखिम मावशी!"

बोहाननं ओ द्यायला तोंड उघडलं, तोच सिऊखिमनं त्याचं मनगट घट्ट पकडलं.

तेवीस वर्षांपूर्वी तिचंही मनगट असंच कुणीतरी पकडलं होतं. तेव्हाही असंच धुकं होतं. तिचा नवरा किमत्सुई मागे राहिलेला कोयता आणायला गेला, ती आणि सासू गाडीपाशी थांबल्या. मग हाक आली, "सिऊखिम!" एकदा, दोनदा, तीनदा. सासू म्हणाली, "ओ देऊ नकोस, तो नाहीये तो." तिनं दिली नाही. चौथ्या दिवशी किमत्सुई बंदराच्या भिंतीशी सापडला. गावानं तिची समजूत घातली, समुद्र तुलाही बोलवत होता, वाचलीस. पण चहा कुठाय म्हणून वीस वर्षं रोज ओरडणाऱ्या माणसाचा आवाज बायकोला कळत नाही होय? तो त्याचाच होता. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं बोहानच्या मनगटावरचा आपला हात बघितला आणि झटक्यात काढून घेतला.

"ओ!" ती ओरडली. "ओ, झियिन! इकडे!"

उलट हाक आली ती डावीकडून. पुढची उजवीकडून. धुक्यात आवाजाला धड जागा नसते. युनत्से गाडीवरून उडी मारायच्या बेतात होता, तिनं त्याची कॉलर धरून मागे ओढलं.

"एक हरवली तेवढं पुरे. हा वाटाणा चालू आहे का?"

"चालू आहे," तो रडवेला होऊन म्हणाला. "पण उपयोग काय मावशी? तुम्ही तिच्या कानात बोलाल, पण कानात आलेल्या आवाजाला दिशा कुठं असते?"

"तिच्या हातातल्या दांडक्याला आहे की नाही?"

युनत्से तिच्याकडे बघतच राहिला. मग तिच्या गळपट्टीशी तोंड नेऊन भराभर बोलायला लागला. "झियिन, मावशींचा माईक बंद कर. फक्त लांबड्या माईकवर ऐक. तो गोल फिरव. मावशी हाका मारतायत. जिथं आवाज सगळ्यात मोठा येईल, तिकडेच चालत ये. पाण्याकडे बघू नकोस."

ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सिऊखिम गाडीवर उभी राहिली आणि हाका मारायला लागली. थांबायचं नव्हतं. थांबलं की पोरीच्या हातातला धागा तुटणार. बोहान पाणी बघत होता. "गुडघाभर झालं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मावशी, तुंबा बुडाला." तांबड्यानं मान झाडली आणि एक पाऊल बांधाकडे टाकलं, कारण त्याला नियम माणसांपेक्षा जास्त पाठ होता. तिनं कासरा मनगटाला गुंडाळला, मागे रेलली आणि हाका मारत राहिली. घसा चिरला. आपण काय ओरडतोय हेही तिला कळेनासं झालं. कासरा आखडत होता, बैल फुरफुरत होता, आणि ती पुरती घाबरली होती. आपण तीन पोरं बुडवणार असं तिला वाटत होतं, आणि तरी तिनं कासरा सोडला नाही.

पहिल्यांदा दिसला तो माईक. धुक्यातून ते केसाळ टोपडं पुढे आलं, मागून झियिन. कमरेपर्यंत पाण्यात, माईक दोन्ही हातांनी समोर धरलेला आणि डोळे घट्ट मिटलेले. बोहाननं तिला बगलेत धरून वर ओढलं तरी तिनं ते उघडले नाहीत.

सिऊखिमनं कासरा सैल सोडला. परतीची वाट तांबड्यानंच काढली. ओहोळात पाणी त्याच्या पोटाला लागलं, गाडी एकदा तरंगली, पुन्हा टेकली. मग तांबडा बांधावर चढला.

घरी सिऊखिमनं झियिनला सुनेचे कपडे दिले आणि आल्याचा कढत चहा दिला. पोरीची थरथर थांबायला बराच वेळ लागला. थांबली तशी तिनं विचारलं, "मावशी, किमत्सुई कोण?"

सिऊखिमनं किटली खाली ठेवली. दोन्ही पोरांनी खाली बघितलं.

"शेवटी शेवटी तुम्ही त्याच नावानं हाका मारत होता," झियिन म्हणाली. "माझं नाव घेतच नव्हता. मी त्यालाच ओ दिली."

सिऊखिम खाली बसली. तिनं सगळं सांगितलं, कोयता, सासू, मनगट, तीन हाका. सांगताना रडली नाही. "मी ओ दिली नाही," एवढंच ती दोनदा म्हणाली.

युनत्सेनं कॅमेऱ्याला हातही लावला नाही. झियिननं रेकॉर्डर जवळ ओढला. "यात सगळं आलंय, मावशी. पुसून टाकते."

"आधी मला ऐकव."

हेडफोन कानांवर बसले. आधी नुसतं पाणी आणि पोरीचा धापा टाकणारा श्वास. मग माईक फिरला आणि लांबून तिचा स्वतःचा आवाज आला, चिरका, पण शब्द न् शब्द कळणारा. किमत्सुई! इकडे! मी इथं आहे!

"एवढं स्पष्ट येतं?" तिनं विचारलं.

"हो मावशी."

किमत्सुई तर तेव्हा याहून जवळ होता. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. कानांत हाक पुन्हा आली, किमत्सुई! आणि अगदी लागूनच, धापा टाकत, कुणीतरी म्हणालं, "ओ! आले!"

झियिननं थांबवायला बोट पुढे केलं.

"पुसायचं नाही," सिऊखिम म्हणाली. "पुन्हा लाव."