एकेचाळीस सोमवार

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. हुलसूरला तालुक्याचा मान मिळून काही वर्षं झाली होती, तरी पत्ता सांगताना माणसं अजून बसवकल्याणच सांगत. त्या वर्षी मंजुनाथनं आपल्या कापड दुकानातल्या कॅमेऱ्यांसाठी एक काळी पेटी आणली. आत दोन हार्डडिस्क. दुकानात कोण आलं, कोणी दहा साड्या उलगडून एकही घेतली नाही, हे सगळं तीत साठायचं. दुकानात उंदीर होते, म्हणून पेटी घरात, फ्रीजशेजारच्या फळीवर बसवली.

मंजुनाथची आई नागव्वा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पेटीशी त्यांचा संबंध आला तो दानेश्वरीमुळं. दानेश्वरी ही त्यांच्या धाकट्या जावेची, गंगव्वाची मुलगी. गंगव्वा एक्याण्णव साली काविळीनं गेली, तेव्हा दानू दोन वर्षांची होती. वडलांनी दुसरं लग्न केलं आणि ते बिदरला गेले. दानूला नागव्वांनी वाढवलं. आता ती मुडबीला शाळेत शिकवायची आणि शनिवारी घरी यायची. आईचा एक फोटो तिच्यापाशी होता. आवाज मात्र तिला आठवत नव्हता. तो कुठं असलाच, तर शिवशंकरप्पांच्या कॅसेटींत होता.

शिवशंकरप्पा म्हणजे नागव्वांचे यजमान. पंच्याऐंशी सालापासून दर श्रावणी सोमवारी घरी वचनं, म्हणजे शिवशरणांची पदं, म्हणायला माणसं जमत आणि ते उंबऱ्यापाशी टेप ठेवून बटण दाबत. म्हणणाऱ्यानं आपलं नाव पुढं करू नये, हा त्यांचा नेम. म्हणून कॅसेटींवर त्यांनी ना नावं घातली, ना साल. एकेचाळीस कॅसेटी झाल्या आणि प्रत्येकीवर निळ्या शाईत एकच शब्द लिहिला: सोमवार. गंगव्वा टेपसमोर एकदाच एकटीनं वचन म्हणाली होती. ते कशात आहे हे ओळखणारं घरात आता एकच माणूस उरलं होतं, नागव्वा, आणि त्यांचा उजवा कान बंद झाला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दानेश्वरीनं मुडबीच्या खोलीवर जुना टेप लॅपटॉपला जोडून सगळ्या कॅसेटी उतरवल्या. मास्तरीणच ती; समोर लिहिलंय तेच उतरवायचं, ही तिची सवय. एकेचाळीस फोल्डर केले आणि प्रत्येकातल्या फाइलचं नाव ठेवलं सोमवार. कॅसेटींना बुरशी होती. उतरवता उतरवता बऱ्याच तुटल्या, उरलेल्या तिनं भंगारात दिल्या. फाइली पेटीत भरून लॅपटॉपही रिकामा केला, कारण त्यात शाळेचे निकाल घालायचे होते.

आता पेटीतलं टीव्हीवर ऐकायचं, तर मध्ये एक सॉफ्टवेअर लागतं. त्यावरून बहीणभावांत जुंपली. मंजुनाथला पाहिजे होतं ते चित्रवालं. ते इंटरनेटवर जाऊन प्रत्येक फाइलचं नाव शोधतं आणि आपल्या मनानं तिला चित्र लावतं. दानेश्वरीला पाहिजे होतं साधं, फोल्डर जसे आहेत तसे दाखवणारं.

"साधं कामून पाहिजे? सरकारी हाफिस हाय का?" मंजुनाथ म्हणाला. "दिसायला तरी बरं पाहिजे की."

"अण्णा, भजन ऐकायचंय. बघायचं न्हाई."

पेटी मंजुनाथची होती, त्यामुळं चित्रवालं बसलं. सोमवारी नागव्वांनी टीव्हीसमोर चटई टाकली. पडद्यावर एकच चौकोन आला. त्यात उघड्या अंगाचा, लांब केसांचा एक गोरा माणूस हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता. खाली लिहिलं होतं, सोमवार.

"ह्ये कोण?" नागव्वांनी विचारलं.

"कुठला तरी पिच्चर हाय, अव्वा. नाव सारखं दिसलं आसंल, म्हणून चिकटवलंय."

"तुज्या अप्पाच्या कॅसेटीवर?"

"तू आवाज ऐक की. त्याच्याकडं कशाला बगतीस?"

नागव्वांनी पदर सावरला आणि त्या माणसाकडं न बघता अर्धा तास वचनं ऐकली. त्यात गंगव्वा नव्हती. पुढचं लाव म्हणाल्या, तर पुढचं नव्हतंच. एका नावाच्या सगळ्या फाइली सॉफ्टवेअरनं एकाखाली एक रचल्या होत्या आणि बारीक अक्षरांत सांगितलं होतं, की प्रती एकेचाळीस.

त्याच आठवड्यात पेटी भरत आल्याचा दिवा लागला. एकाच भजनाच्या एकेचाळीस प्रती कशाला, असं म्हणून मंजुनाथनं चाळीस पुसल्या. हिशेबानं माणूस चुकला नव्हता. जागा मात्र काही फारशी झाली नाही.

दानेश्वरी शनिवारी आली. मंजुनाथनं जेवताना ते सहज सांगितलं. तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"चाळीस पुसलास?"

"एक ठेवलाय की. सगळे एकच तर हायत. नावं तूच घातलीस न्हवं?"

"कॅसेटीवर तेच होतं!"

"मग अप्पाला इचार."

अप्पांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. नागव्वांनी दानूच्या ताटात आमटी वाढली, तीही तशीच राहिली. मग दानू उठली आणि हात न धुताच फळीपाशी गेली. पेटीला कचऱ्याचा डबा असतो, पुसलेलं तीस दिवस तिथं पडून राहतं, हे तिला माहीत होतं. मंजुनाथला नव्हतं. त्या दिवशी पाचवा दिवस होता. चाळीसही जागेवर परत आले. चित्रवालं काढून साधं सॉफ्टवेअर घातलं, तेव्हा पासवर्ड मंजुनाथनंच टाकला.

दसऱ्याच्या सुट्टीत नागव्वा आणि दानू ऐकायला बसल्या. डावा कान स्पीकरकडं करून नागव्वा सांगत जायच्या. हा खोकतोय तो भीमण्णा. ह्या सोमवारी लाइट गेली होती, ऐक, सगळे एकदम 'हां' म्हणाले. हिथं टाळ चुकतोय, म्हंजे सिद्धव्वा बसलीय. दानू लिहून घ्यायची. असे सव्वीस सोमवार झाले.

सत्ताविसाव्यात एक बाई एकटीनं वचन म्हणू लागली. नागव्वांनी लगेच ओळखलं. लहानपणापासून त्यांनी दानूला सांगितलं होतं, की तुझी आई म्हणायला लागली की रस्त्यावरची माणसं थांबायची. आईविना वाढणाऱ्या पोरीला आणखी काय सांगणार? आणि ही बाई तर पहिल्या ओळीपासून सूर सोडून चालली होती. तिसऱ्या ओळीला मागं कोणीतरी हसलं. ते हसणं नागव्वांचं स्वतःचं होतं.

दानू पेन धरून थांबली होती. "ही कोण, दोडव्वा?" थोरल्या काकूला त्या घरात दोडव्वाच म्हणत.

परकी बाई होती म्हणून सांगता आलं असतं. खरंखोटं करायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"तुजी आई हाय," नागव्वा म्हणाल्या.

दानूनं वचन शेवटपर्यंत ऐकलं. मग परत पहिल्यापासून लावलं.

"दोडव्वा, ही तर बेसूर हाय."

"व्हय."

"तू तर म्हणायचीस, लोक थांबायचे."

"थांबायचे की. कामून थांबायचे ते मी कुठं सांगितलं?"

दानू हसायला लागली, आणि हसता हसता तिला पदर तोंडाला लावावा लागला. शाळेत प्रार्थनेला तिला माइकपासून लांब उभी करत. हे कुठून आलं, ते तिला आजवर कळलं नव्हतं.

"नाव काय घालू?" तिनं डोळे पुसून विचारलं. "काकांचा नेम हाय, नाव घालायचं न्हाई."

नागव्वांनी दानूच्या कागदाकडं बोट केलं. "नेम त्यांचा व्हता. मी मेल्यावर ह्यो आवाज कुणाचा, हे त्यांना इचारायला कोण जाणार? गंगव्वा लिव्ह. साल नव्वद. आन् हसली ती नागव्वा, ते बी लिव्ह."

उरलेले चौदा सोमवारही त्यांनी तसेच, नावानिशी लिहायला लावले.

पुढं दानेश्वरीची बदली औराद तालुक्यात चिंताकीला झाली. ती फोनवर आईचं वचन लावते आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बायका तिला आवाज कमी करायला सांगतात. मंजुनाथनं कॅमेऱ्यांसाठी वेगळी पेटी घेतली, तीत चित्रवालं सॉफ्टवेअर घातलं आणि तो समाधानी आहे. भीमण्णा चोवीस साली गेले; त्यांच्या मुलानं येऊन वडलांचा खोकला पेन ड्राइव्हवर नेला. सिद्धव्वा आहेत, पण आपण टाळ चुकत होतो हे त्यांना मान्य नाही. नागव्वांनी डाव्या कानाला मशीन लावून घेतलं. सोमवारी दुपारी त्या अजून टीव्हीसमोर बसतात, आणि सत्ताविसावा लागला की तिसऱ्या ओळीच्या आधी आवाज बंद करतात.