खात्री असेल तरच

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. एक तर फुटबॉल. त्यात लातूरचा. त्यात गोलच नाही. वाचणार कोण? पण गल्लीत अजून म्हणतात, की जिलानीभाईच्या साल्यानं पैसे खाल्ले आणि जिलानीभाईला ते माहीत होतं. ऐकून ऐकून डोकं फिरलं. म्हणून जे झालं ते लिहितोय.

"मार की! मार, मार, मार!"

मुज्तबानं मारला नाही. गोल समोर होता. गोलकीपर डाव्या खांबाला चिकटलेला, उजवीकडं अख्खं दार उघडं. मुज्तबानं बॉल पायाखाली दाबला, मान वळवली आणि मागं उभ्या असलेल्या पोराला देऊन टाकला. त्या पोरानं आणखी मागच्याला. त्यानं आपल्याच गोलकीपरला.

पायऱ्यांवर बसलेल्या लोकांतून एकच आवाज निघाला, गॅस संपताना शेगडीतून निघतो तसा.

"हाव, दे मागं," दयानंद म्हणाला. "आजून मागं दे. औशाला नेऊन दे."

"येष्टीच्या टपावर टाक म्हनावं, सोलापूरला उतरून घेतील," मागून कुणीतरी.

"जिलानीभाई, तुमच्या साल्याला गोल कुठं हाय ते घरी दाखवत न्हाईत का?"

"घरी फक्त ताट दिसतंय त्याला," जिलानी म्हणाला. लोक हसले. जिलानी हसला नाही. त्याचा घसा दुपारपासून ओरडून बसत आला होता, आणि समोर हिरव्या जर्सीतली अकरा माणसं बॉल असा फिरवत होती की जणू तो कुणाच्या तरी घरचा आहे, फुटला तर भरून द्यावा लागेल.

शून्य-शून्य. पुन्हा.

दिवाळीपासून कोरजवळगा क्लबनं एक गोल केला नव्हता. खाल्लाही नव्हता, कारण सगळे मागंच उभे. औसा रोडला क्लासवाल्या अमृतराव सरांनी मोठं बॅनर लावलं होतं. टीम आता त्यांची. वर 'नीट'मध्ये लागलेल्या पोरांचे फोटो, खाली हाताची घडी घालून उभी राहिलेली टीम, आणि मधे लाल अक्षरात : 'एकही पराभव नाही!'

जिलानी रोज त्या बॅनरखालून जायचा आणि रोज थुंकायचा.

जिलानीचं काम गादीचं. गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्याचं दुकान, आजोबांपासूनचं. आजोबा धनुकलीनं कापूस पिंजायचे, अब्बांनी यंत्र घेतलं, आणि जिलानीच्या काळात लातूरला क्लासचं पीक आलं तसं ते यंत्र थांबेना. जूनमध्ये गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरायची आणि प्रत्येकाला एक गादी लागायची. पातळ. पालक बजावून सांगायचे, "जास्त कापूस घालू नका हो, पोरगं झोपून राहील." जिलानीनं हजारो पोरांची झोप अशी पातळ करून दिली होती. दयानंदची क्लासच्या गल्लीत मेस. म्हणजे दोघांचंही पोट क्लासवर. त्यामुळं सरांना शिव्या घालायच्या त्या हळू.

दोघांची ओळख भूकंपातली. दहा-अकरा वर्षांचे होते. दयानंदचं गाव कोरजवळगा, औशाच्या पलीकडं. झोपेतच गेलं. दयानंदच्या घरातून दयानंद तेवढा निघाला. पुढं पत्र्याच्या कॅम्पात रजया वाटायला जिलानीचे अब्बा गेले, तर जिलानी रजयांच्या ढिगावर बसून सोबत गेला. तिथं मदतीला आलेल्या जवानांनी पोरांसाठी बॉल आणला होता. गोलाला खांब नव्हते, म्हणून पडलेल्या घरांचे दगड ठेवले. दयानंद एका कडेला बसलेला असायचा. भूकंप झाल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता, डॉक्टरनी पण हात टेकले होते. जिलानी नवा गडी, बॉल मिळाला की सोडेना. एकटाच घेऊन पळायला लागला तेव्हा मागून खच्चून आवाज आला, "ए, दे की बे!"

सगळं मैदान थांबलं. दयानंद बोलला होता.

त्या कॅम्पातल्या पोरांचा क्लब झाला. उदगीर, देगलूर, कंधार, कुठंकुठं जाऊन खेळले. हरायचे बक्कळ, पण मारायचे. नाव ठेवलं कोरजवळगा, कारण ते नाव दुसरीकडं कुठं उरलंच नव्हतं. जुनं गाव सपाट केलेलं, नवं गाव लांब वसवलं, आणि त्याच्या कमानीवर देणगी देणाऱ्या शेठच्या आईचं नाव. पोस्टानं पण तेच नाव धरलं. कोरजवळगा हा शब्द जगात फक्त मैदानावर ऐकू यायचा, लोक ओरडायचे तेव्हा.

मग पगारी लीग आली. टीम चालवायला पैसा लागतो, तो अमृतराव सरांकडं होता. क्लबची नोंदणी जुनी, म्हणून त्यांनी नवा काढण्यापेक्षा हाच घेतला. क्लबचा सेक्रेटरी म्हणून दयानंदनं सही करताना एकच मागितलं, नाव राहू द्या. सर म्हणाले, "टीम पुढच्या फेरीत गेली तर नाव राहील. नाही गेली तर क्लासचं लावू. ठीक आहे ना, दयानंद?"

आता एकच मॅच उरली होती, आठवड्यानं, नांदेडला. जिंकली तर पुढची फेरी. आणि जिंकायला गोल लागतो.

त्या संध्याकाळी मुज्तबा जेवायला बसला तेव्हा जिलानी समोर येऊन बसला. मुज्तबा जिलानीच्या बायकोचा, रजियाचा धाकटा भाऊ, देगलूरचा. तिकडं शाळेच्या मैदानावर कुठूनही मारायचा, म्हणून जिलानीनंच त्याला बोलावून सरांच्या पुढं उभा केला होता.

"क्या रे, पाँव को मेहंदी लगी है क्या? मारता क्यूँ नै?"

"नक्को ना दुल्हाभाई. खाने दो."

"सगळं लातूर मला विचारायलंय. पैसे घेतले का कुणाचे?"

रजियानं भाकरी ताटात आपटली. "खाने दो उसको! बॉल नै मारा, किसी का गला तो नै कापा ना!"

मुज्तबानं घास खाली ठेवला. मग म्हणाला, "मार्क कटते हैं."

"कसले मार्क?"

मग त्यानं सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत सरांनी तक्ता लावलाय. गोल झाला तर अधिक चार. मारलेला बॉल बाहेर गेला, तर वजा एक. पास दिला तर काही नाही, शून्य. वजा चार झाले की खेळाडू घरी. "सगळे शून्यावर बसलेत, दुल्हाभाई. मेरे तीन कट गए, शुरू में ही. आता एक राहिला."

जिलानीला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू आलं. आणि मग इतका संताप आला की तो उठून नुसताच दारात जाऊन उभा राहिला. 'नीट'चे मार्क! माणसं फुटबॉल खेळत नव्हती, पेपर सोडवत होती. येत नसलेला प्रश्न सोडून देत होती.

दुसऱ्या दिवशी तो दयानंदला घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेला. सर वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं.

"जिलानी, मी आयुष्यभर हुशार पोरं मागं पडताना बघितली," सर म्हणाले. "कशानं? येत नाही तिथं हात घालतात. सोडायला शिकलं की पोरगं तरतं. हे सूत्र आहे."

"सर, पन ती पोरं न्हाईत. ते फॉरवर्ड हायेत."

"तत्त्व तेच. खात्री असेल तरच मारावं."

"गोलात खात्री कुठं असतीय, सर?"

"मग मारू नये," सर शांतपणे म्हणाले.

दयानंद खुर्चीत पुढं सरकला. तो म्हणाला, "सर, एवढ्या एका मॅचला तक्ता काढा. गावाच्या नावाचा सवाल हाय."

"एकदा नियम मोडला तर शिस्त राहते का? तूच सांग." सरांनी चहा पुढं सरकवला. "घे, गार होईल."

बाहेर आल्यावर दयानंद म्हणाला, "त्यानला गोल नकोच हाय बे. त्यानला बॅनर पायजे."

नांदेडला टेम्पो भरून माणसं गेली. रस्ताभर मुज्तबाला शिव्या. नांदेडवाले तर तयारच बसलेले. लातूरची माणसं पायऱ्यांवर बसायच्या आधीच ते सुरू झाले, "या या लातूरकर! आज तरी प्रश्न सोडवनार, का कोराच पेपर देनार?" म्हणजे तक्त्याची गोष्ट तिथंवर पोचली होती.

पहिला अर्धा वेळ नेहमीसारखाच गेला. ऊन कडक. दयानंद टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता, जिलानी गोलाच्या मागं जाळीला धरून उभा. ओरडून ओरडून घशात काटे आलेले. "कोरजवळगाss!" मागं लातूरची माणसं साथ द्यायची, "कोरजवळगाss!"

मॅच संपत आली. नांदेडच्या बॅकचा पाय घसरला आणि बॉल आपणहून मुज्तबाच्या पुढं आला. समोर फक्त गोलकीपर, तो पण धावत पुढं निघालेला. मुज्तबानं बॉल थांबवला. जिलानीला जाळीतून त्याचं तोंड स्पष्ट दिसलं. त्यानं बाकाकडं बघितलं, जिथं सर बसले होते. मग इकडं बघितलं, जिलानीकडं.

जिलानी ओरडला नाही. का कुणास ठाऊक. इतके महिने 'मार' म्हणून जीव काढला, आणि त्या क्षणाला तोंडातून शब्द निघेना. नुसती 'हो' म्हणून मान हलवली.

मुज्तबानं मारला.

काय मारला! गोलकीपरच्या डोक्यावरून गेला, वळला, आणि आडव्या दांडीच्या वरून, हातभर वरून, जिलानीच्या मागं जाऊन भिंतीवर आदळला.

आणि मग लातूरची माणसं उठली. आपली माणसं. दिवाळीपासून 'मार मार' म्हणून बोंबलणारी.

"कशाला मारलास बे? बाजूला पोरगं मोकळं होतं की!"

"द्यायचं की त्याला! अक्कल न्हाई!"

"खाल्ले रे पैसे! सालभर मारत न्हाई आन् आजच मारतो, ते बी वर! खाल्ले!"

एक चप्पल मैदानात आली. दुसरी आली. जिलानी जाळी सोडून पायऱ्यांकडं पळाला. "आरं मारला की त्यानं! मारला एकानं! तुमीच म्हनत होता ना?" पण आवाज फाटला होता, कुणाला काही ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तरी काय. सर तक्ता भिंतीला लावायचे आणि ही माणसं तोंडात घेऊन फिरायची, एवढाच फरक.

सरांनी हात वर करून मुज्तबाला बाहेर बोलावलं. वजा चार.

शून्य-शून्य.

शिट्टी वाजल्यावर सरांनी पेढे वाटले. "अपराजित! अख्खा सीझन अपराजित!" मग गाडीतून एक खोकं आलं. त्यात नवे निळे टीशर्ट, छातीवर क्लासचं नाव, पाठीवर खेळाडूचं. फोटोसाठी सगळ्यांना घालायला दिले.

दयानंदनं एक टीशर्ट हातात घेतला. छपाईवर बोट फिरवलं. मग जिलानीला म्हणाला, "हे छापायला आठवडा लागतो रे."

म्हणजे सर केबिनमध्ये चहा पाजत होते तेव्हाच हे छापायला गेलेलं. आज गोल झाला असता, तरी नाव जाणारच होतं.

मुज्तबाच्या नावाचा पण एक टीशर्ट खोक्यात होता. सरांनी तो बाहेर काढला, बघितला, नीट घडी घातली आणि परत ठेवला. "ती हिरवी जर्सी तेवढी जमा कर," ते मुज्तबाला म्हणाले.

मुज्तबा जर्सी काढायला लागला. दयानंदनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे अंगात."

"दयानंद, ती क्लबची आहे," सर म्हणाले.

"हाव. क्लबचीच हाय," दयानंद म्हणाला आणि पोराला खांद्याला धरून घेऊन निघाला. सरांनी पुढं काही म्हटलं नाही. फोटोवाला थांबला होता.

टेम्पोत त्यांना कुणी बसू दिलं नसतं, म्हणून तिघं पायी बसस्टँडला गेले. मुज्तबा पुढं जाऊन तिकडच्या नळावर तोंड धुवायला लागला. पाठीवर घामानं चिकटलेलं 'कोरजवळगा'. बाकावर दयानंद आणि जिलानी. अहमदपूरमार्गे लातूरला जाणाऱ्या गाडीला वेळ होता.

"तेराव्याला, श्राद्धाला नाव घेत्यात मेलेल्या मानसाचं," दयानंद म्हणाला. "गावाचं कोन घेतं? घरी म्हनावं तर घरात कोन न्हाई. ग्राउंडावर तेवढं कानावर पडायचं. दोन-चारशे मानसं वरडायची एकदम. लई बरं वाटायचं बे. वाटायचं, हाय आजून."

जिलानीनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्याचा घसा पार गेला होता, बोलायला लागला तर नुसतं वारं निघत होतं. त्यानं दयानंदच्या मांडीवर हात ठेवून त्याला जवळ ओढलं, आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला,

"पुढच्या साली पैल्या मॅचला मी जातो. टीशर्टावर काय बी लिहू दे. मी कोरजवळगाच वरडनार. लोकं हसले तरी. हाकलून दिलं तर भिंतीच्या भाईरून वरडतो. गोल झाला तरी, न्हाई झाला तरी. माझा शब्द हाय, दयानंद."