दसऱ्याला नागपुरात मयत

चाळिशी उलटलेल्या पुरुषांचा रक्तदाब वीस वर्षं दरसाल मोजायचा आणि कोण कशानं खचतो, कोण कशानं जातो ते लिहून ठेवायचं, असं आमचं संशोधन होतं. राळेगावकडच्या खेड्यांत लोक आम्हाला बघून म्हणत, "आले दंड आवळणारे!" छप्पन्नच्या उन्हाळ्यात पहिली फेरी झाली तेव्हा मी नव्हतो. मला सत्तावन्नच्या जानेवारीत नेमलं. वय चोवीस, अक्षर वळणदार आणि डोक्यात हवा.

यादीत काही नावांखाली लाल रेघ होती. म्हणजे दाब फार चढलेला. त्या माणसाला दर तीन महिन्यांनी पत्र पाठवून यवतमाळला बोलवायचं, फुकट गोळ्या द्यायच्या, नाहीतर तो हातचा जायचा. असंच एक नाव मी चावडीसमोर पुकारलं. "उकंडा!" पोरगं जगावं म्हणून आईबाप असं उकिरड्याचं नाव ठेवत, एवढं मला ठाऊक होतं.

गर्दीतून एक उंचापुरा माणूस म्हणाला, "उकंडा मेला, बाबूसाहेब."

"कधी?"

"दसऱ्याले. नागपुरात."

"कशानं?"

"खुशीनं मेला!"

मागची माणसं खदखदून हसली. अहो, मेलेल्या माणसावर गाव असं हसतं का? त्या दसऱ्याला नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, कित्येकांनी जुनी नावंही टाकली, हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं. वाचलेलं आणि ऐकलेलं जोडायची अक्कल मात्र नव्हती. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'मयत. कारण अज्ञात.'

मग तोच माणूस सदऱ्याची बाही वर सारत पुढे आला. "मी धर्मपाल. मले पाहा."

यादीत धर्मपाल नव्हता, आणि नवी नावं घ्यायची नाहीत असा नियम होता. "तुम्हाला तपासणी लागत नाही," मी म्हणालो.

"लागत नाही?" त्याचा चेहरा उजळला. "पक्कं?"

"पक्कं."

यवतमाळला डॉक्टर खूश झाले. लाल रेघेचा माणूस वर्षाच्या आत गेला, म्हणजे अंदाज बरोबर! माझी पाठ थोपटली गेली. ते आठवलं की आजही अंगाची लाही होते, आणि राग माझाच मला येतो.

पुढच्या फेऱ्यांतही धर्मपाल दिसायचा. लांबूनच ओरडायचा, "मले लागत नाही!" मीही हात हलवायचो.

साठच्या फेरीत तो दिसला नाही. मथुराबाई नावाची एक बाई आली आणि तिनं आमचं तपासणीचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "हे तुमचं कारड घ्या. आता घरात ठेवून काय करू?"

कार्डावर नाव होतं उकंडा. मी म्हणालो, "हे तर चार वर्षांपूर्वीच वारले ना?"

"काय बोलून राह्यले, बाबूसाहेब? माहे मालक मागच्या भादव्यात गेले. अंगावरून वारं गेलं, आठ दिवस बोलले नाही." तिनं डोळे पुसले. "दीक्षा घेतली तवापासून ते धर्मपाल. हे जुनं नाव. कोनी त्या नावानं हाक मारली, तर तो मेला म्हनत."

मी कार्डावरचं नाव पुन्हा वाचलं.

"तुमीच तर सांगतलं, तपासनी लागत नाही. मंग दवाखान्याचं पत्रही बंद झालं. मी बरा झालो, म्हनत. गावभर सांगत. जिनिंगात पुन्हा कापसाच्या गठाणी उचलाले जाऊ लागले."

मी तिला सगळं सांगून टाकलं. रेघ, यादी, नियम, माझं 'मयत'. वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "तवा ते तुमच्या समोर उभे होते?"

"हो."

"मंग त्याईच्या दंडाले हात लावून पाहाचा होता."

यादीत नाव नसलं तरी यंत्र पिशवीतच होतं, आणि त्या दिवशी मला घाईही नव्हती.