तीन कपांतला वेगळा

“जोरात ओढ. घरी शिकवलेलं सगळं विसर. सभ्यपणे प्यायलीस तर अर्धी चव कपातच राहते.”

चव घ्यायला शिकवणारे गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण चमचा ओठांशी नेला की त्यांचा आवाज अजून यायचा. धाकटीने कॉफी सुर्रकन ओढली, जिभेवर फिरवली आणि शेजारच्या भांड्यात थुंकली. मग दुसऱ्या कपातली. मग पुन्हा पहिल्यातली. पलीकडे बसलेल्या केमिस्टने मान वर केली नाही. त्याला या आवाजाची सवय होती. नव्या माणसांना मात्र वाटायचं, बाईंना उचकी लागली आहे.

पहिला कप कारखान्याच्या नेहमीच्या कॅप्सूलचा, म्हणजे यंत्रात घालून एक कप कॉफी काढायच्या बंद डबीचा होता. त्यात डोंगरावरची कॉफी होती, उंचावर सावकाश पिकलेली, टणक बियांची. घोट गेला तरी मागे संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी रेंगाळायचं. दुसऱ्या कपात ती नव्हती. तिच्या जागी सखल भागातल्या मोठ्या मळ्याची कॉफी होती. ती यंत्राने तोडतात आणि मागाल तेवढी मिळते. दोन्ही कप सारखे लागतील असं मिश्रण जुळवणं, एवढंच धाकटीचं काम. ते जुळलं की डोंगराकडून होणारी खरेदी बंद होणार होती.

डोंगरावर तिची थोरली बहीण होती. लग्न होऊन तिकडे गेली आणि तिथल्या बायकांना जमवून तिने कॉफीची फळं धुण्याचं, वाळवण्याचं केंद्र उभं केलं. तिथे एकेक बी हाताखालून जायची. किडकी, फुटकी, कच्ची बाजूला. त्यांचा सगळा माल याच कारखान्यात यायचा.

हे धाकटीने खरेदीसाहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले होते. “म्हणून तर तुम्हालाच देतोय. दुसऱ्या कुणी जुळवलं तर तुम्ही म्हणाल, डोंगराला मुद्दाम डावललं. पाऊस लहरी झालाय, बाई. झाडं वाटेल तेव्हा फुलतात, माल दरवर्षी कमी. माझी यंत्रं काही पावसाची वाट बघत नाहीत.”

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

धाकटीने कप खाली ठेवला. दोन्ही जवळजवळ जुळले होते. फक्त दुसऱ्याचा शेवट रिकामा होता. घोट पुढे जायचा आणि मागे कुणी यायचंच नाही. ती जागा कशी भरायची हे तिला माहीत होतं. भट्टीतून दाणे जरा आधी काढायचे, दळण थोडं बारीक करायचं. अर्ध्या दिवसाचं काम.

तिने भांडं विसळलं. हात पुसले. पुन्हा पुसले.

“झालं का?” केमिस्टने विचारलं.

“झालं. असंच भरायला पाठवा.”

त्या मिश्रणाची कॉफी भाजून, दळून टाकीत विसावायला ठेवली. ताजी भाजलेली कॉफी आतला वायू सोडत राहते. घाई केली तर कॅप्सूल पोळीसारखी फुगते. मग नायट्रोजन सोडून, आतली हवा हाकलून, वर झाकण चिकटवलं. एकदा झाकण लागलं की आत काहीच बदलत नाही. धाकटी यंत्राशेजारी उभी राहून झाकणं लागताना बघत होती. कुणाला तरी कळेलच, असं तिला वाटत होतं. इतका रिकामा शेवट कुणालाच कळणार नाही, असं होईल कसं?

कपांच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी थोरलीचा फोन आला.

“काय गं, लावलास का आमचा निकाल?” मागे बायकांचा कालवा होता.

“उद्या चाचणी आहे, ताई.”

“लागेल तो लागेल. पण फोनवर सांगू नकोस हं. फोनवर तू मला धीर देत बसतेस आणि मुद्दा राहतो बाजूला. समोर ये. आणि मला एकटीला नको, सगळ्यांच्या देखत सांग. माझी बहीण आहे तिथे, असं मी छाती ठोकून सांगत आलेय. मी सांगायला गेले तर म्हणतील, दोघींनी मिळून आम्हाला गुंडाळलं.”

“येईन.”

“नक्की?”

“शब्द देते.”

“बरं, ही एकजण काय म्हणतेय ऐक. तुझी बहीण दिवसभर कॉफी थुंकते आणि वर पगार घेते, तर मलाही चिकटवा तिथे. हिला थुंकायचा दांडगा सराव आहे म्हणे!”

पलीकडे हशा पिकला. धाकटीही हसली.

चाचणीची रीत साधी होती. प्रत्येकापुढे तीन कप. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला, ते सांगायचं. रंगावरून कळू नये म्हणून खोलीत तांबडा दिवा. माणसं कारखान्यातलीच, पण चव घ्यायला शिकवलेली नव्हेत. घरी जशी पितात तशी पिणारी. मिश्रण जिने जुळवलं तिने आत थांबायचं नाही. धाकटी भिंतीपलीकडून एका छोट्या झरोक्यातून तबकं सरकवत होती. तिला पलीकडचे फक्त हात दिसत.

पहिला हात हिशेबनीस बाईंचा. चुकला.

दुसरा हात माल उचलण्याचं वाहन चालवणाऱ्याचा. “बाई, तिन्ही एकाच विहिरीचं पाणी आहे. चहा मिळेल का?”

“बोलू नका, बोट ठेवा,” केमिस्ट आतून ओरडला.

बोट पडलं. चुकीच्या कपावर.

मग स्वागतकक्षातली मुलगी आली. तिने एकेक घोट घेतला, थांबली, परत घेतला. तिची बोटं मधल्या कपावर टेकली. तोच वेगळा होता. धाकटीने झरोक्याची कड धरली.

“हा,” मुलगी म्हणाली. “म्हणजे, यात काहीतरी कमी आहे. काय ते सांगता येत नाही.”

“नाही, नाही. थांबा हं. माझंच तोंड कडू झालंय.” बोटं उचलली गेली आणि शेजारच्या कपावर जाऊन बसली. “हा लिहा.”

धाकटीला बोलायची मुभा नव्हती. तिने तबक ओढून घेतलं आणि पुढचं सरकवलं.

बारा जणांत चौघांनी नेमका कप ओळखला. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तेवढे ओळखतात. फरक नाही, असं ठरलं.

“मानलं तुम्हाला!” केमिस्ट हात चोळत बाहेर आला. “काय जुळवलंय! अर्थात, यंत्राच्या दाबातून गेली की सगळी एकाच आईची लेकरं. पण तरी.”

धाकटीने उरलेल्या कपांतून दोन चमचे ओढून बघितले. फरक होता. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी इतका ढळढळीत.

ती खरेदीसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“साहेब, मला फरक लागतो.”

“लागणारच. तुम्ही तुम्ही आहात.” त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. “पण बाई, खोकं विकत घेणारे तुम्ही नाही. ते सकाळी चपला शोधता शोधता पितात.”

“शेवट रिकामा आहे.”

“मग भरता येईल का?”

भरता येईल म्हटलं, तर डोंगराची उरलीसुरली गरजही संपली. मीच रिकामा ठेवला म्हटलं, तरी तेच. भरून आणा म्हणतील, आणि या वेळी दुसऱ्या कुणाला सांगतील. रिकामा ठेवूनही कुणाला कळलं नव्हतं. कुठल्याही बाजूने गेलं तरी वाट त्याच दाराशी येत होती.

“आणि खोक्यावरचं डोंगराचं चित्र?” ती शेवटी एवढंच म्हणाली.

“ते कुठल्याही डोंगराचं आहे,” साहेब म्हणाले. त्यांनाही ते बरं वाटलं नसावं. त्यांनी टेबलावरचं पेन उगाच दुसरीकडे ठेवलं. “केंद्राला पत्र जाईल. तुम्ही त्रास नका घेऊ. तुमच्यावर काही येणार नाही, मी बघतो.”

“पत्र दोन दिवस थांबवाल?”

“दोन दिवसांनी काय होणार आहे?”

“काही नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. थांबवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसला बसली. काय सांगायचं ते अवघड नव्हतं. खरेदी बंद, एवढंच. पण त्या बायका विचारणार होत्या: आमची नाही हे कुणी ओळखलं का? विचारल्यावाचून राहणार नाहीत. एकेक बी ज्यांच्या हाताखालून गेली, त्या दुसरं विचारणार तरी काय? चौघांनी ओळखलं असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं. त्या चौघांचं ऐकून थोरलीचा चेहरा कसा उजळेल, तेही तिला दिसलं. मग तिने ते मनातून काढून टाकलं.

घाटाच्या पायथ्याशी बस थांबली. वर केंद्रापर्यंत पायवाट होती. वाऱ्याबरोबर बायकांच्या बोलण्याचा आवाज खाली येत होता. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम खिदळल्या. त्यांत थोरलीचं हसणं वेगळं ओळखू येत होतं.

अजून कुणी तिला पाहिलं नव्हतं. पुढच्या वळणाला बस दिसेनाशी झाली. धाकटीने पिशवी खांद्यावर घेतली आणि चढायला लागली.